आपला मीटर, आपला खटका

“काका, माझ्या गणिताच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी आमची बत्ती तुम्हीच घालवली होती ना?”

विचारता विचारता बकुळने चहाची कपबशी नीलकंठकाकांच्या पुढ्यात ठेवली. एक थेंब बशीत सांडू दिला नाही. हात थरथरला तर प्रश्न धरणार नाही, अशी अटच होती. अट मैत्रिणीची, हिमानीची; साक्षीला दुसरी मैत्रीण मालविका. तिघींच्या ग्रुपवर कालपासून एकच वाक्य नाचत होतं : ‘दो साल से तेरे चाचा का किस्सा सुन रहे हैं. हिम्मत है तो उन्हीं से पूछ के दिखा.’

वादविवादात शाळेत पहिली आल्यापासून बकुळच्या जिभेला हाड उरलं नव्हतं. तिने प्राचार्यांना विचारलं होतं की मुलींच्या बाथरूमला कडी का नाही, आणि आठवड्यात कडी बसली होती. गंगेच्या पुलावर मोटारीतून केळ्याची सालं फेकणाऱ्या एका गृहस्थाला तिने ती सालं परत नेऊन दिली होती. राहिले होते ते फक्त काका.

काकांनी कपाकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबा चहा ढवळत होते. बाबांच्या चहात साखर नसते, डॉक्टरांनी बंद करून वर्ष झालं, तरी चमचा गोल गोल फिरत होता.

“दोन वर्षं होत आली त्याला,” काका म्हणाले.

“म्हणजे हो?”

“बकुळ, पोहे दे काकांना,” आई ओट्यापासून म्हणाली.

“देते. म्हणजे हो ना, काका?”

काकांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली. “हो. समज तसं.”

“एकसष्ट मिळाले मला.”

“ऐकलं होतं.”

काका नाही म्हणाले असते तर काय बोलायचं, त्याची तीन उत्तरं तिने आरशासमोर घोटून ठेवली होती. हो म्हटल्यावर काय करायचं, याचा विचारच केला नव्हता. तिने पोह्यांची बशी त्यांच्यासमोर ठेवली, खोबरं न घालता, आणि पाठ फिरवून ग्रुपवर लिहिलं : ‘मान लिया.’ पलीकडून फटाक्यांची माळ आली.

ती संध्याकाळ बकुळला तोंडपाठ होती. तेव्हा ते बनारसच्या बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत, काकांच्याच घरात वरच्या मजल्यावर राहत. मीटर एकच, काकांच्या नावाचा, खाली जिन्याच्या अंधाऱ्या कोनाड्यात. त्यातून दोन वाटा फुटत, एक खालची, एक वरची, आणि प्रत्येकीवर चिनीमातीचा पांढरा फ्यूज. वरचा कुठला, खालचा कुठला याचा नेहमी घोळ व्हायचा म्हणून पाचवीत असताना बकुळने आईच्या नखांचा लाल रंग घेऊन वरच्यावर एक फूल काढलं होतं. चांगलं बकुळीचं, टोकं टोकं असलेलं.

दहावीच्या गणिताच्या आदल्या दिवशी दुपारी दोघा भावांचं कडाक्याचं वाजलं. कशावरून ते कुणी तिला सांगितलं नाही. काका पाहुण्यांसमोर ‘वरच्यांचं सगळं आम्हीच बघतो’ असं काहीसं म्हणाले, एवढं जिन्यातून ऐकू आलं होतं. दिवेलागणीला वरच्या दोन्ही खोल्या काळ्याठिक्कर झाल्या. खाली मात्र झगझगीत उजेड. ती जिना उतरायला निघाली, तर आई म्हणाली, “आज नको जाऊस खाली.” मोबाइलची बॅटरी तासाभरात मेली. मग बकुळ वही घेऊन घाटावर गेली आणि उंच खांबावरच्या मोठ्या दिव्याखाली पायरीवर बसली. उजेड होता, पण त्या उजेडाला बनारसचे सगळे किडे आमंत्रण देऊन बोलावल्यासारखे आले होते. वर्तुळाच्या प्रमेयावर टपाटप पडत होते. ती झटकत राहिली, आणि शेवटी प्रमेय राहिलं, किडे झटकणंच झालं.

नऊच्या सुमाराला बाबा शोधत आले. “काकांनी आपली बत्ती कापली,” ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. बाबांनी एका हाताने तिचं डोकं थोपटलं, दुसरा हात खिशात होता, आणि म्हणाले, “आपण आपलं घर बांधू, बकुळ. आपला मीटर, आपला खटका.”

सकाळी ती उठली तेव्हा पंखा फिरत होता. करून सवरून मनासारखं झालं, तेव्हा काकांनी परत चालू केला, असं ती समजली. पेपरात दोन प्रमेयं तिला आठवली नाहीत. शाळेत अकरावीला विज्ञान-गणित द्यायला पंचाहत्तरची अट होती. ती वाणिज्यला बसली, आणि मनात एक खातं उघडून त्यात काकांचं नाव लिहून ठेवलं.

महिन्याभरात ते शहरातल्याच लंका भागात भाड्याच्या दोन खोल्यांत आले. आणि शहराच्या कडेला सुसुवाहीला, आजोबांनी कधीकाळी घेतलेल्या लांबट जमिनीच्या पुढच्या अर्ध्यात बाबांचं घर उभं राहू लागलं. मागचा अर्धा काकांचा. गेल्या वर्षी काकांच्या गुडघ्यांनी घाटाच्या पायऱ्यांना नकार दिला, तेव्हा काकांनीही तिथे दोन खोल्या बांधायला काढल्या.

आणि इथेच देवाने बकुळचं ऐकलं. खांब होता पुढच्या रस्त्यावर. काकांची केबल जायची तर बाबांच्या गच्चीवरूनच जाणार. वीज कार्यालयाने काकांना सांगितलं, पुढच्या घरवाल्यांची लेखी संमती आणा. तो कागद घेऊनच काका आज आले होते.

“तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त आहे वास्तूचा,” काका बाबांना म्हणाले. “त्याआधी जोडणी मिळाली तर बरं. सही तेवढी कर, प्रसन्ना.”

बाबांनी पेनाकडे हात नेला. बकुळने कागद आधी उचलला.

“बाबा, विजेचं खातं माझ्याकडे आहे ना? अर्ज मी भरतेय, ओटीपी माझ्या फोनवर येतो. न वाचता सही करायची नसते. कागद राहू दे माझ्याकडे, काका. बघून कळवते.”

“बकुळ,” बाबा म्हणाले. आवाजात दम नव्हता.

“राहू दे रे,” काका उठता उठता म्हणाले. टेबलाला धरून उठावं लागलं त्यांना. “पोरगी हुशार झाली तुझी. बघून कळव हो, बकुळे.”

त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यात एकेक पायरी थांबत थांबत खाली गेला. बकुळने कागद अर्थशास्त्राच्या पुस्तकात ठेवला, मागणी आणि पुरवठ्याच्या धड्यात, आणि पोहे स्वतः खाल्ले. खोबरं घालून.

त्यानंतरचे पंधरा दिवस तिच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते, असं म्हणायला हरकत नाही. नव्या घराची वीज तिने लग्नघरातल्या उत्साहाने अंगावर घेतली. वायरिंगला बाळू होता. बाळू म्हणजे ब्रह्माघाटाच्या वस्तीतला जुना मिस्त्री. जन्म तिथला, मराठी घरातली, शिव्या बनारसी. काकांच्या घरातला प्रत्येक बल्ब त्याच्या हातचा. त्याच्या मागे बकुळ वही घेऊन फिरायची.

“दोन किलोवॉट पुरेत,” बाबा म्हणाले. “माणसं तीन.”

“बाबा, गीझर, मिक्सर आणि इस्त्री एकदम लावली की दोन संपले. आई, तू सांग.”

“मला सकाळी एकदम लागतं सगळं,” आई म्हणाली.

“पाच लिहिते.”

“पाचाला तीन फेजचं लफडं होतं, गुड्डी,” शिडीवरून बाळू म्हणाला. “चार लिही. चार में राजासारखी रहशील. आणि पुढेमागे छतावर सोलर लावायचं असेल तर पाइप आत्ताच टाकून ठेवतो, नंतर भिंत फोडत बसू नका.”

चार लिहिले. पाइप टाकला. बैठकीत दोन, आईच्या ओट्यावर वेगळा, तुळशीपाशी एक, जिन्यात वरून-खालून दोन्हीकडून लागणारा. प्रत्येक जागी ती उभी राहून बघायची, इथे उजेड पडला तर मागच्या प्लॉटमधून दिसेल का. शेवटी न राहवून म्हणाली, “बाळूदादा, मागच्या भिंतीवर एक मोठा लावायचा. पन्नास वॉटचा, तो चौकोनी.”

“मागे? मागे तर काकांची खिडकी येते.”

“त्यांच्यासाठीच.”

बाळूने शिडीवरून खाली पाहिलं. “उजेड द्यायचा आहे, का डोळ्यांत घालायचा आहे?”

“तुम्ही लावा तर.”

तिने चित्र रंगवून ठेवलं होतं. तुळशीचं लग्न झालंय, काकांची वास्तुशांत आहे, भटजी मेणबत्तीच्या उजेडात पोथी वाचतायत, अक्षरं लागत नाहीत, किडे पोथीवर टपाटप पडतायत. आणि पुढच्या घरातून पन्नास वॉटचा दिवा काकांच्या नव्या कोऱ्या भिंतीवर पडलाय, लग्नमंडपासारखा. मग काका गेटपाशी येतील, आमच्याकडे बत्ती नाही म्हणतील. ती म्हणेल, “ऐकलं होतं.” तेवढंच. मालविकाला हे इतकं आवडलं की तिने त्या दिवशी येऊन व्हिडिओ काढायचं कबूल केलं.

बाबा या काळात फार बोलत नसत. एकदा त्यांनी विचारलं, “तो कागद कुठे आहे?”

“सुरक्षित आहे.”

“त्याचे गुडघे दुखतात गं. कार्यालयाच्या चकरा…”

“माझंही गणित दुखलं होतं.”

बाबा गच्चीवर निघून गेले. बिचारे किती साधे आहेत, ज्याने आपल्याला अंधारात बसवलं त्याच्यासाठी जीव तुटतो, असं बकुळला वाटलं आणि बाबांबद्दल तिला भरून आलं.

मीटर लागायचा दिवस कार्तिकातला. सामानाची खोकी सकाळीच टेम्पोने नव्या घरात आली होती. दुपारी लाइनमन खांबावर चढला, केबल ओढली, मीटर भिंतीवर बसवून त्याला सील मारलं. मीटरच्या काचेवर आकडे लुकलुकले, शून्य, शून्य, शून्य, आणि बकुळला हे सगळे शून्य आपल्याच मालकीचे असल्यासारखे वाटले. तिने फोटो काढून ग्रुपवर टाकला.

“आतलं बघून घेतो एकदा, मग संध्याकाळी मुहूर्ताने चालू करा,” बाळू म्हणाला. आई कोपऱ्यावर तेलवाती आणायला गेली होती, बाबा हार आणायला. “मोठे स्क्रू संपले माझे. तुझ्या बाबांची ती बिस्किटांची पेटी असेल बघ, तीत असतात.”

पेटी तिसऱ्या खोक्यात, बाबांच्या जुन्या डायऱ्यांच्या खाली निघाली. वर पक्कड, पेचकस, सुतळी. खाली स्क्रू. आणि स्क्रूंच्याही खाली, रुमालात घट्ट गुंडाळलेलं काहीतरी जड.

तिने रुमाल उलगडला. पांढरा चिनीमातीचा तुकडा. त्यावर नखांच्या लाल रंगाचं फूल. रंग कडेने थोडा उडाला होता, पण टोकं टोकं सगळी होती.

ती तो तळव्यावर घेऊन बाळूपाशी गेली. “दादा, हे काय आहे?”

“ही?” बाळूने चष्मा वर केला. “अरे, ही तर घाटावरच्या घरची वरची किटकॅट, फ्यूजची. तुमचीच. फूल तूच काढलं होतंस ना? कुठे मिळाली? हिच्यापायी मला तेव्हा झोपेतून उठवलं होतं तुझ्या काकांनी.”

“केव्हा?”

“तुझा बोर्डाचा पेपर होता ना, त्या पहाटे. साडेपाच वाजता दारात उभे. ओलं धोतर, संध्या पण झाली नव्हती. म्हणे, मी रात्री उशिरा आलो, आत्ता बघतो तर वर अंधार. वरची किटकॅट कुणी काढून नेली, दुसरी बसव, पोरीचा पेपर आहे, तिला उठायच्या आत पंखा चालू झाला पाहिजे. मी म्हटलं, चोर फक्त किटकॅट का नेईल? तर म्हणाले, ‘चोर नाही रे. तू बसव गुपचूप.’ मग मी पण विचारलं नाही. भावाभावांच्या गोष्टीत मिस्त्रीने हात घातला तर झटका लागतो.” तो हसला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून हसायचा थांबला. “स्क्रू आणलेस का?”

तिने स्क्रू दिले. चार मागितले होते, दिले नऊ.

घरात कुठेच बसायला जागा नव्हती, म्हणून ती मागच्या पायरीवर जाऊन बसली. समोर काकांच्या दोन खोल्या. खिडक्यांना अजून काचा नव्हत्या. आत भिंतींवरून वायरी लोंबत होत्या, कुठे जोडायच्या ते माहीत नसल्यासारख्या.

तिने आपला उजवा हात कुर्त्याच्या खिशात घातला, फ्यूजसकट. मग डाव्या हाताने हवेतच कुणाचं तरी डोकं थोपटून पाहिलं. बरोबर तसंच होत होतं. एक हात मोकळा, एक खिशात. तो हात किती वेळ बाहेर आला नव्हता? घाटावरून घरापर्यंत सगळ्या पायऱ्या बाबा एका हाताने कठडा धरून चढले होते, आणि ती त्यांच्या पुढे, हुंदके देत, काकांना शिव्या घालत. त्यांनी एकदाही ‘असं बोलू नये’ म्हटलं नव्हतं. नंतरही नाही. तिने कुणालाही तो किस्सा सांगितला, पाहुण्यांना, मैत्रिणींना, घरमालकिणीला, की बाबा उठून पाणी प्यायला जात.

फोन वाजला. ग्रुपवर मालविका विचारत होती : ‘रिवेंज वाली लाइट लगी क्या?’ बकुळने लिहायला घेतलं, पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं. अर्थशास्त्राचं पुस्तक खोक्यातून काढलं, मागणी-पुरवठ्याचा धडा उघडला. कागदाला मधोमध पुस्तकाची घडी पडली होती. काकांचं अक्षर, एकेक वेलांटी कोरलेली : ‘माझे धाकटे बंधू यांची हरकत नसल्यास.’

बाळू जाताना मागे डोकावला. “सगळं ओके. मेनचा खटका वर केला की राजवाडा. मागचा मोठा दिवा बसवला बघ. थोडा खाली वळवू का? सरळ त्यांच्या डोळ्यांत जाईल.”

“त्यांच्या दारावर वळवा,” बकुळ म्हणाली. “उंबरठ्यावर. गुडघे दुखतात त्यांचे.”

बाळूने शिडी परत उघडली.

सव्वापाचला उन्हं गेली. आईने देवांपुढे समई ठेवली, वाती तेलात भिजवल्या. बाबांनी दाराला हार बांधला, हात झटकले आणि मीटरच्या पेटीपाशी उभे राहिले. गेले दोन महिने ते म्हणत होते की घरातला पहिला खटका बकुळच दाबणार. आज त्यांनी नवा सदरा घातला होता.

“चल बेटा,” ते म्हणाले. “आपला मीटर, आपला खटका.”

बकुळने समईशेजारी फ्यूज ठेवला, फुलाची बाजू वर करून. त्याच्या शेजारी संमतीचा कागद. कागदावर पेन.

खोलीत अंधारून आलं होतं, पण लाल रंग दिसण्याइतका उजेड होता.

“कुठे सापडला?” आईने विचारलं.

काय आहे, असं आईने विचारलं नाही. बकुळने आईकडे पाहिलं, तशी आई समईची वात पुढे-मागे सारायला लागली. वात सरळच होती.

बाबांचा हात खिशाकडे गेला, अर्ध्यात थांबला, आणि मग त्याला कुठे ठेवायचं ते त्यांना कळेना. “मला सांगायचंच होतं,” ते म्हणाले. “त्या रात्रीच. रागाच्या भरात काढला आणि निघून गेलो, तुझा पेपर डोक्यातच नव्हता. तू घाटावर रडत होतीस. म्हटलं सकाळी सांगू. सकाळी तर पंखा चालू होता.”

“हो,” बकुळ म्हणाली. “चालू होता.”

“बकुळ…”

वादविवादात ती नेहमी एक पाऊल पुढे टाकून बोलायची, सरांनी शिकवलं होतं तसं. आज ती होती तिथूनच बोलली, आणि आवाज तिला स्वतःला अनोळखी वाटला, इतका शांत.

“मी ठरवलंय. बाबा, तुम्ही या कागदावर सही करा. मी टोटो रिक्षाने बालाजी घाटाला जाते आणि काकांना घेऊन येते. त्यांच्या गुडघ्यांमुळे यायला वेळ लागेल, सात वाजतील. पहिला खटका तेच वर करतील, मी नाही. आणि हा फ्यूज त्यांच्या हातात तुम्ही द्यायचा, माझ्यासमोर.” तिने चपला घातल्या. “तोवर या घरात कुणी बत्ती लावायची नाही. समईसुद्धा.”